बांबेर्गच्या तळघरांवर

ज्या विषयावर आज आम्ही लिहावयास बसलों आहों, तो आमच्या घरांत पन्नास वर्षें कोणीं काढला नव्हता. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरींही तो निघत नसेल. तेव्हां आरंभींच सांगून टाकतों कीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, परमुलखांत, आपल्याच मुलाच्या हातून पेला घेऊन आम्हीं जवाच्या मद्याचा पहिला घोट घेतला. आणि तो घेतल्याची खंत आम्हांला वाटत नाहीं. मात्र तो घेण्यापूर्वीं जी पायरी चढावी लागली ती लहान नव्हती, आणि ती कोणती हें सांगितल्यावांचून पुढचें सारें सांगणें खोटें होईल.

आमचे धाकटे काका १९७१ सालीं वारले. एका कचेरींत ते कारकून होते, अक्षर मोत्यासारखें होतें, गळाही गोड होता. मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला, आणि पुढें वीसएक वर्षें ज्याला व्यसन सुटलें नाहीं त्याच्या वाट्यास काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी आली. काकांच्या वाट्यास तीच आली. आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे होतों. रात्रीं जिन्यावर त्यांचीं पावलें वाजलीं कीं आजी देवघराचें दार लोटून घेई, एवढें स्पष्ट आठवतें. आणि आठवतो तो एक उग्र वास, जो सकाळीं पडवी शेणानें सारवली तरी जात नसे. काकू त्या वेळीं सव्वीस वर्षांच्या होत्या. पुढें त्यांनीं शाळेंत शिक्षिकेची नोकरी केली, घरांतल्या सगळ्या मुलांचे पाढे घेतले, आणि आज ऐंशीच्या घरांत असतां त्या आमच्याकडेच आहेत. त्यांच्यासमोर ‘दारू’ हा शब्द आमच्या घरांत कोणी उच्चारीत नसे. दिवाळींतल्या शोभेच्या दारूलाही मुलांनीं ‘फटाके’च म्हणावें असा अलिखित नियम होता.

आमचा मुलगा गेलीं कांहीं वर्षें जर्मनींत एर्लांगेन या गांवीं नोकरीस आहे. एकदां दूरध्वनीच्या पडद्यावर त्याच्यामागें फळीवर एक करडा दगडी मग आम्हांला दिसला. विचारतां सूनबाई म्हणाल्या, “त्यांत पेनें ठेवतों, बाबा.” पेनें त्यांत नव्हतीं, हें आम्हांलाही दिसत होतें. आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत न विचारण्याची ही कला फार जुनी आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों. दुसऱ्याच दिवशीं तो स्वतः होऊन म्हणाला, “बाबा, लपवायचा आतां कंटाळा आला. एकदां माझ्याबरोबर बांबेर्गला चला. प्यायला नको. नुसतें बघायला.”

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मनूनें सुरापान हें महापातकांत गणलें आहे, हें आम्हां सर्वांस ठाऊक असतें. पण सुरेचे प्रकार त्यानें तीन सांगितले आहेत, हें सर्वांस ठाऊक नसतें. गुळाची ती गौडी, मधाची अथवा मोहाच्या फुलांची ती माध्वी, आणि धान्याच्या पिठाची ती पैष्टी. बिअर ही जवापासून होते, म्हणजे ती सरळ सरळ पैष्टी ठरते. परदेशी आहे म्हणून नियमांतून निसटली, असा युक्तिवाद करावयास जागाच नाहीं. उलट पक्षीं कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक सबंध प्रकरण लिहिलें आहे. त्यांत आंबवण्यास लागणारें किण्व कसें करावें, पानगृहांत आसनें व सुगंध कसे असावे, हें तर आहेच. पण गृहस्थांनीं विशेष प्रसंगीं घरीं श्वेतसुरा करण्यास हरकत नाहीं, व उत्सव-यात्रांच्या वेळीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी, असेंही आहे. आपल्याच परंपरेंत एकानें पाप मोजलें आणि दुसऱ्यानें माप. कोणाचें ऐकावें हें त्या रात्रीं ठरलें नाहीं. फक्त ‘बघायला जाऊं’ एवढें ठरलें.

एर्लांगेन हें गांव आपणांस अगदींच परकें नव्हे, हेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. तेथील विद्यापीठांत १८२६ पासून १८४१ पर्यंत फ्रीड्रिख रूकर्ट हा पौर्वात्य भाषांचा अध्यापक होता. त्यानें नलदमयंतीचें आख्यान आणि गीतगोविंद जर्मन भाषेंत उतरविलें. तेथून आगगाडीनें अर्ध्यापाऊण तासांत बांबेर्ग येतें. रेग्निट्स नदीच्या दोन्ही कांठांवर व सात टेकड्यांवर वसलेलें हें जुनें शहर १९९३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. नगरसभेची जुनी इमारत भर नदीच्या पात्रांत, पुलावरच उभी आहे. पण या भागाची खरी कीर्ति निराळीच आहे. उत्तर बव्हेरियांतल्या या टापूस फ्रांकेन म्हणतात, आणि त्याच्या वरच्या भागांत आजही दीडशेंहून अधिक लहान लहान ब्रूअऱ्या आहेत. लोकसंख्येच्या मानानें इतक्या दाटीनें त्या जगांत अन्यत्र नाहींत. औफ्सेस नांवाचें एक तेराचौदाशें वस्तीचें खेडें आहे. आसपासच्या वाड्यांसह त्याच्या हद्दींत चार ब्रूअऱ्या होत्या, म्हणून त्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथांत झाली. आपल्याकडे कोंकणांतल्या गांवांत जितक्या सहजपणें तेलाचा घाणा असे तितक्या सहजपणें तेथें ही भट्टी असते, आणि तिचा माल बहुधा पांचदहा कोसांपलीकडे जात नाहीं.

मुलानें आम्हांला प्रथम श्लेंकेर्ला या पानगृहांत नेलें. लांकडी तुळयांचें जुनें घर आहे; त्या वास्तूचा उल्लेख १४०५ सालापासून सांपडतो. आंत काळवंडलेलीं लांब बांकें, आणि ज्याला जेथें जागा मिळेल तेथें त्यानें अनोळखी माणसांच्या शेजारीं बसावयाचें. पंगतच ती! लांकडी पिंपाच्या तोटीतून पेला भरून समोर आला. रंग आपल्या चिंचगुळाच्या साराहूनही गडद. उजेडापुढें धरला तर कडेला लालसर. आणि वास? धुराचा. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं आमचा चेहरा पाहून हंसत हंसत कांहीं सांगितलें, मुलानें त्याचें भाषांतर केलें: नवख्यांना यांत धुरावर धरलेल्या मांसाचा वास येतो. हें ऐकतांच आमच्या मंडळींनीं, म्हणजे मुलाच्या मातोश्रींनीं, खुर्ची मागें सारली. “यांत मांस घालतात?” मुलानें शपथेवर सांगितलें कीं, पाणी, जव, हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें आणि किण्व यांवांचून चौथें पांचवें कांहींही यांत नाहीं; धूर आहे तो बीच नांवाच्या झाडाच्या लांकडाचा. तेव्हां त्यांनीं पेला नाकाशीं नेला, क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाल्या, “हें तर चुलींत भाजलेलें वांगें!”

आम्हांला तो वास येईपर्यंत काकांचा वास आठवत होता. या वाक्यानंतर तो गेला. आम्हीं पेला उचलला.

पहिला घोट आवडला असें म्हणणें खोटें होईल. धूर जिभेवर बसला व इतर कांहीं कळेना. मुलानें सांगितलें, “घाई नको. घोट लहान घ्या, गिळल्यावर श्वास नाकानें सोडा, मग पाव खा.” तसें केलें. पांचव्यासहाव्या घोटाला धूर मागें सरला आणि पुढें आली ती धान्याची गोडी, कणीदार, भाजलेल्या पिठासारखी. तिच्या पाठोपाठ जिभेच्या मुळाशीं हॉपचा कडवटपणा, कारल्याचा नव्हे, मेथीच्या दाण्याचा असतो तसा. गायनांत षड्ज एकदां कानांत भरला म्हणजे मग बाकीचे स्वर वेगळे ऐकूं येतात, तसेंच कांहीं. तो अर्धा लिटर संपविण्यास आम्हांला दीड तास लागला, आणि शेंकडा पांच मद्यार्काचें तें पेय इतक्या सावकाश घेतल्यानें डोकें जाग्यावर राहिलें.

बिअरमध्यें धूर कां, याचें उत्तर ऐकलें तेव्हां आम्हांला मौज वाटली. कारण तें उत्तर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. तान्ह्या मुलासाठीं आपण नाचणीचें सत्त्व करतों. नाचणी भिजवावी, फडक्यांत बांधून मोड आणावे, वाळवावी, दळावी. मोड आले कीं दाण्यांतल्या पिठाची साखर होऊं लागते. म्हणूनच तें सत्त्व गोड लागतें व बाळाला पचतें. जवावर हीच क्रिया केली कीं माल्ट तयार होतो. दोन दिवस भिजवणें, चारपांच दिवस मोड, मग वाळवणें. आपण वाळवण उन्हांत घालतों, कारण आपल्याकडे ऊन फुकट आहे. थंड व दमट मुलखांत तें जमत नाहीं. तेथें ओलें धान्य लांकडाच्या आगीवर वाळवावें लागे, आणि धूर त्यांत शिरे. म्हणजे एके काळीं तिकडच्या पुष्कळशा बिअरी कमीअधिक धुरकट होत्या. पुढें निर्धूर भट्ट्या आल्या, धूर दोष ठरला, आणि हां हां म्हणतां सगळीकडून नाहींसा झाला. बांबेर्गांत मात्र श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोन घराण्यांनीं आपला माल्ट आपणच धुरावर वाळविण्याचें सोडलें नाहीं. नदीपलीकडच्या श्पेत्सियालचा इतिहास १५३६ पर्यंत मागें जातो. त्याची बिअर फिकी, धूर हलका. ज्यांना श्लेंकेर्ला झेपत नाहीं त्यांनीं तेथून सुरुवात करावी असें आमचें मत झालें. त्याच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला कीं, फेस्ला नांवाची दुसरी ब्रूअरी आहे, तिच्यांत धुराचा मागमूस नाहीं. दोन्ही घरें वर्षानुवर्षें एकमेकांच्या दारांत पाहत बसलीं आहेत, आणि तीं एकमेकांचीं गिऱ्हाइकेंही आहेत!

पुढची क्रिया थोडक्यांत अशी. माल्ट भरडून साठसत्तर अंश उष्णतेच्या पाण्यांत ठेवतात, तेव्हां उरलेल्या पिठाची साखर होते. तें गोड पाणी गाळून, हॉप घालून उकळतात, निववितात व किण्व घालतात. आठवडाभरांत तें आंबतें. पण तेवढ्यानें फ्रांकेनची बिअर होत नाहीं. तिला कित्येक आठवडे थंडीत मुरावें लागतें. कुरडयांचा गहूं तिसऱ्या दिवशींच वाटला पाहिजे, लोणचें महिनाभर उघडतां कामा नये, हें ज्या घरांत ठाऊक आहे त्या घराला ‘मुरणें’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. बर्फाचें यंत्र नव्हतें तेव्हां उन्हाळ्यांत केलेली बिअर नासे. म्हणून बव्हेरियांत १५५३ सालीं असा हुकूम निघाला कीं, २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत कोणीं ती करूंच नये. मार्चमध्यें करून सांठविलेल्या बिअरीला त्यावरूनच मेर्त्सेन हें नांव पडलें. कार्ल फोन लिंडे याचें शीतयंत्र पुढें १८७० नंतर प्रथम कामास लागलें तें म्युनिकच्या एका ब्रूअरींत. आज आपल्या घरोघरीं दूधभाज्या ठेवणारें कपाट त्याच यंत्राच्या वंशांतलें आहे.

या पेयांत काय असावें, याचा नियम १५१६ सालीं बव्हेरियाच्या दोन ड्यूक बंधूंनीं केला, तो प्रसिद्ध आहे: पाणी, जव व हॉप, इतर कांहीं नाहीं. बांबेर्गचे लोक मात्र आवर्जून सांगतात कीं, आमच्या धर्माधिपतीनें तसाच नियम १४८९ सालींच केला होता. किण्वाचें नांव या दोन्हींत नाहीं. तें ओळखावयास पाश्चरसारखा माणूस यावा लागला. बिअरीवरचा त्याचा ग्रंथ १८७६ सालचा. तोंवर आपली सुगरण जशी विरजण कशानें लागतें हें न सांगतां रोज दहीं लावीत आली, तसाच तिकडच्या कारागिरांचाही कारभार चालला होता.

आतां ज्यासाठीं या लेखाला हें नांव दिलें तें सांगतों. बांबेर्गच्या टेकड्यांच्या पोटांत बिअर मुरविण्यासाठीं वालुकाश्म कोरून तळघरें केलेलीं आहेत. आंत गारवा राहावा म्हणून वर चेस्टनटचीं झाडें लाविलीं, त्यांची सावली दाट पडली, आणि मग लोकांना वाटलें, बिअर खालीं आहे, सावली वर आहे, घरीं कशाला जावें? तेव्हांपासून तेथील माणूस ‘तळघरांत’ जात नाहीं, ‘तळघरावर’ जातो. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं सारीं कुटुंबें तेथें लोटतात. आजोबा पत्ते खेळतात, पोरें झाडांभोंवतीं धांवतात, तान्हीं बाबागाडींत झोंपतात. आणि तेथली रीत अशी कीं, प्यावयाचें तेथलें, पण खावयाचें घरून आणलें तरी चालतें.

हें कळतांच आमच्या मंडळींनीं पदर खोंचला. दुसऱ्या रविवारीं स्टेफान्सबेर्ग टेकडीवरच्या एका तळघरावर, कॅथीड्रलचे मनोरे समोर दिसत आहेत अशा जागीं, आम्हीं डबा उघडला: थालीपिठें, लसणीची चटणी, दह्यांतली काकडी. शेजारच्या कुटुंबाच्या पाटावर पाव, लोणी आणि मीठ लावून पाणी सुटलेला पांढरा मुळा होता. मुळा! आमच्या मंडळींनीं सातासमुद्रांपलीकडे आपला मुळा पाहिला आणि भाषा न येतां त्या यजमानीणबाईंशीं त्यांची मैत्री झाली. अर्धें थालीपीठ तिकडे गेलें, मुळ्याच्या चकत्या इकडे आल्या. दगडी मगांतली ती न गाळलेली, जरा गढूळ, कमी फेंसाची बिअर आणि खमंग थालीपीठ यांची जोडी अशी जमली कीं, हीं दोन्हीं एकाच कुळांतलीं असावींत असें वाटलें. आणि भाजलेलें धान्य हें दोहोंचें मूळ पाहतां तें खोटेंही नाहीं. सूनबाईंनीं सरबत घेतलें, त्यांच्या सासूबाईंनीं तेंच घेतलें. कोणीं कोणास आग्रह केला नाहीं. बापलेक समोरासमोर बसून एक एक मग घेत होतों. मुलगा मधेंच म्हणाला, “मला वाटत होतें, तुम्ही माझ्याशीं बोलणें सोडाल.” आम्हांला चटकन उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं त्याच्या पानावर थालीपीठ वाढलें.

तीन आठवड्यांत आम्ही अशा नऊ ठिकाणीं गेलों, आणि रोज एकाहून अधिक पेला घेतला नाहीं. सांगावयाचें तें हें कीं, नऊ ठिकाणच्या नऊ चवी निघाल्या. तेच चार पदार्थ, तोच मुलूख, आणि तरी एकीची गोडी करवंदाच्या मधासारखी तर दुसरी अगदीं कोरडी, भाताच्या पेजेसारखी सौम्य. पाणी वेगळें, भट्टी वेगळी, किण्व घरचें, आणि हात वेगळा. शेजारच्या दोन घरांतल्या आमटीला तीच डाळ व तोच गूळ असतो. चव एक असते काय?

यांपैकीं एका खेड्यांतला प्रसंग मनांतून जात नाहीं. गांवाचें नांव देत नाहीं, कारण त्या गृहस्थांनीं तें घरगुती म्हणून सांगितलें. साठीच्या पुढचे, हात वाफेनें लाल झालेले, चौथ्या पिढीचे मालक. पंधरा दिवसांतून एकदां ते तांब्याच्या कढईंत बिअर करतात; ती गांवांत व आसपास संपते. त्यांची कन्या न्यूर्नबेर्ग येथें दवाखान्यांत नोकरी करते आणि ती परत येणार नाहीं. “माझे गुडघे आहेत तोंवर,” ते म्हणाले, “मग दार बंद.” आम्हीं विचारलें, कोणी विकत घेणार नाहीं का? ते म्हणाले, “कढई घेतील.” आम्हांला आमच्या आजोळचा घाणा आठवला. बैल विकले गेले, लाट पावसांत कुजली. आणि त्या तेलाच्या फोडणीची चव कशी होती हें आतां आमच्या मुलाला कोणत्याही उपायानें सांगतां येणार नाहीं. दुकानांतलें तेल शुद्ध असतें, स्वस्त असतें, सगळीकडे एकसारखें असतें. तसेंच मोठ्या कारखान्यांच्या बिअरीचें आहे. ती वाईट नसते, पण ती कोठलीच नसते.

पुण्यासही आतां लहान ब्रूअऱ्या आहेत. २००९ सालीं ‘डूलॅली’ निघाली. हें नांव गंमतीचें आहे, कारण देवळालीच्या छावणींत बोटीची वाट पाहून पाहून डोकें फिरलेल्या गोऱ्या शिपायांवरून इंग्रजींत तो शब्द रूढ झाला. पुढें आणखीही कित्येक निघाल्या. परत आल्यावर पुतण्यानें आम्हांला अशाच एकींत नेलें. महाराष्ट्रांत मद्य घेण्यास १९४९ च्या त्याच कायद्याखालीं अजून परवाना लागतो, हें त्याला ठाऊकच नव्हतें. आम्हीं तो आधीं काढावयास लाविला. चव स्वच्छ होती, कारागीर तरुण मन लावून काम करीत होता, आणि कोपऱ्यांत बांबेर्गच्याच वायरमान कारखान्याच्या माल्टचीं पोतीं पाहून आम्हांला गहिंवरल्यासारखें झालें. पण पेल्यांत होती ती जर्मनांची गव्हाची आणि बेल्जमची संत्र्याच्या सालीची. आंबा घालून केलेलीही मिळते म्हणतात. आंबा घातला म्हणजे मुलूख उतरला असें मात्र नव्हे. आपल्या ज्वारीला, नाचणीला, आपल्या पाण्याला काय येतें हें पाहण्यास फ्रांकेनसारख्या कांहीं पिढ्या लागतील. त्यास वेळ आहे.

हें सारें लिहावें कीं नाहीं, हें काकूंना विचारल्यावांचून ठरवावयाचें नाहीं, असें आम्हीं मनाशीं योजिलें होतें. एके दुपारीं त्या गवार मोडीत बसल्या होत्या, तेव्हां त्यांना सगळें सांगितलें. मुलाचेंही सांगितलें. त्या बराच वेळ गवार मोडीत राहिल्या. मग विचारलें, “तिथल्या बायकांना मार बसत नाहीं का रे?”

बसतो. आम्हीं तेंच सांगितलें. तळघरावर जें दिसलें तें रविवारच्या संध्याकाळचें होतें. त्या देशांतही घरें बुडतात, यकृतें सडतात, आणि व्यसनमुक्तीचीं रुग्णालयें रिकामीं नाहींत. मद्यार्क कर्करोगास कारण होतो हें आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९८८ सालींच नोंदविलें, आणि कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट सांगितलें. तेव्हां चव कितीही चांगली असली तरी ती औषध नव्हे, आणि ज्या घरांत एकाचा पाय घसरला आहे तेथें दुसऱ्यानें विशेष जपून चालावें. मुलाला आम्हीं हेंच सांगितलें होतें, व तो ‘ठाऊक आहे’ म्हणाला होता. काकूंनीं मान हलविली. आम्ही खरें बोललों एवढेंच बहुधा त्यांना पाहावयाचें होतें.

मग आम्हीं एक पुडी त्यांच्यापुढें उघडली. वायरमानच्या कारखान्याचें बांबेर्गला एक दुकान आहे, तेथून मूठभर धुरावर वाळविलेला जव आणला होता. नुसतें धान्य, त्यांत मद्याचा अंश नाहीं. काकूंनीं चष्मा वर सारून दाणे पाहिले. हुंगले. “हुरडा,” त्या म्हणाल्या, “आमच्या वडिलांच्या शेतांत गोवऱ्यांच्या आगटींतला.” दोन दाणे त्यांनीं दाढेखालीं धरले, सावकाश चावले आणि म्हणाल्या, “गोड आहे.” थोड्या वेळानें, आमच्याकडे न पाहतां, “ह्यांच्या अंगाला कधीं धान्याचा वास आला नाहीं रे.”

बावन्न वर्षांत काकांविषयीं त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकलेलें हें पहिलें वाक्य.

पुडी त्यांनीं पुन्हां बांधली व फडताळांत ठेविली. पुढच्या आठवड्यांत भाजणी करावयाची होती. तिच्यांत ज्वारी, बाजरी, हरभऱ्याच्या डाळीबरोबर तो मूठभर जवही गेला. त्या खेपेचीं थालीपिठें नेहमींपेक्षां जरा गोडसर झालीं होतीं.